न उलगडणाऱ्या पुरळाचा शोध: पॅच टेस्ट या सेवेचे परीक्षण

पापण्यांवर, मानेच्या दोन्ही बाजूंना आणि बोटांच्या बेचक्यांत उठणारे, मलम लावले की बसणारे आणि मलम थांबवले की पुन्हा डोके वर काढणारे पुरळ ज्यांनी दीर्घकाळ सोसले आहे आणि ते कशामुळे होते याचे उत्तर ज्यांना कोणाकडूनच मिळालेले नाही, अशा वाचकांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. परीक्षण आहे ते त्वचारोग विभागांत केल्या जाणाऱ्या पॅच टेस्ट या सेवेचे, म्हणजे संशयित पदार्थ पट्ट्यांखाली पाठीवर लावून त्वचेची प्रतिक्रिया पाहण्याच्या तपासणीचे. मी ती एका मोठ्या रुग्णालयात करून घेतली. तिथल्या काही गोष्टी मनापासून आवडल्या, काही खटकल्या, आणि दोन्हींविषयी पुढे लिहिले आहे. रुग्णालयाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण ही तपासणी सर्वत्र साधारण एकाच पद्धतीने होते आणि वाचकाला उपयोग होईल तो ती पद्धत समजून घेण्याचा. माझे मत आधीच सांगून टाकते. पुरळाचे कारण बाहेरून त्वचेला लागणाऱ्या एखाद्या पदार्थाच्या ॲलर्जीत असेल, तर तो पदार्थ नावानिशी शोधून देणारी याहून भरवशाची तपासणी आज उपलब्ध नाही. मात्र पाठीवर पट्ट्या चिकटवणे हा तिचा सोपा भाग आहे. तिचे खरे मोल पट्ट्या लावण्यापूर्वीच्या विचारपुशीवर आणि त्या काढल्यानंतर निकालाचा अर्थ कसा लावला जातो यावर ठरते. या दोन गोष्टींना वेळ न देणारे केंद्र कितीही अद्ययावत असले, तरी तिथून रुग्ण बहुधा अर्धवट उत्तर घेऊनच परततो.

अशा दुखण्यात खाजेइतकाच छळतो तो अनिश्चितपणा. एक डॉक्टर इसब म्हणतात, दुसरे बुरशीचा संसर्ग म्हणतात, तिसरे मानसिक ताणाकडे बोट दाखवतात, आणि प्रत्येक निदानाबरोबर एक नवी ट्यूब घरात येते. स्टेरॉइडच्या मलमाने माझ्या पापण्यांची सूज झटकन ओसरायची, त्यामुळे उपचार योग्य दिशेने चालला आहे असे सगळ्यांनाच वाटायचे. प्रत्यक्षात स्टेरॉइड दाह दाबून ठेवते. दाह निर्माण करणारा पदार्थ रोज त्वचेला लागतच राहिला, तर मलम थांबताच दाह परततो. मधल्या काळात एका खासगी प्रयोगशाळेने रक्ताच्या एकाच नमुन्यावरून असंख्य पदार्थांची ॲलर्जी तपासून देणारे पॅकेज मला दिले. भलामोठा अहवाल हाती आला, पुरळ मात्र जिथल्या तिथे राहिले.

याचे कारण मला कोणी आधी समजावून सांगितले असते, तर पुष्कळ मनस्ताप वाचला असता. रक्ताच्या अशा तपासण्या आयजीई नावाची प्रतिपिंडे मोजतात. अंगावर पित्ताच्या गांधी उठणे, शिंका, दमा यांसारख्या, काही मिनिटांत उसळणाऱ्या ॲलर्जीमागे ही प्रतिपिंडे असतात. हातावर द्रावणाचे थेंब ठेवून सुईने हलकेच टोचण्याची प्रिक टेस्टही त्याच तत्काळ ॲलर्जीसाठी असते आणि तिचा निकाल १५ ते २० मिनिटांत वाचला जातो. संपर्कातून होणाऱ्या इसबाचा मार्ग मुळातच वेगळा आहे. तिथे काम करतात त्या टी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी, आणि त्यांची प्रतिक्रिया दिसायला एक ते तीन दिवस लागतात. आयजीईच्या अहवालात तिचा मागमूसही लागत नाही. ज्याला संपर्कजन्य ॲलर्जीची शंका आहे, त्याला ‘ॲलर्जी टेस्ट’ या एकाच मोघम नावाखाली भलतीच तपासणी विकली जावी, हे मला अन्यायाचे वाटते. केसांच्या नमुन्यावरून ॲलर्जी ओळखून देण्याचे दावे तर पूर्णपणे निराधार आहेत.

चांगला विभाग पॅच टेस्टची घाई करत नाही, ही पहिली जमेची बाजू. आधी इतर शक्यता तपासल्या जातात. खरूज असेल तर खाज रात्री वाढते, सोबत राहणाऱ्यांनाही होते आणि बोटांच्या बेचक्यांत किड्याने कोरलेल्या बारीक रेषा दिसू शकतात. गजकर्णावर स्टेरॉइडचे मलम लावले गेले असेल, तर त्याची ठळक कड पुसट होते आणि ते ओळखू येईनासे होते. अशा वेळी खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर बुरशीचे तंतू दिसतात. माझी बायोप्सी आधीच झालेली होती. त्यासाठी भूल देऊन काही मिलिमीटर व्यासाचा त्वचेचा तुकडा काढतात. तिचा निष्कर्ष होता ‘स्पंजिओसिस’, म्हणजे वरच्या थरातील पेशींच्या मधल्या जागेत द्रव साचणे. हे इसबाच्या जातीच्या दाहाचे लक्षण आहे. तो दाह कोणत्या पदार्थाने पेटवला हे बायोप्सी सांगू शकत नाही. तरीही ती वाया गेली असे म्हणता येणार नाही, कारण कपड्यांखाली झाकल्या जाणाऱ्या भागांवर वर्षानुवर्षे टिकून राहिलेले खवल्यांचे चट्टे क्वचित मायकोसिस फंगॉइडिस या त्वचेच्या लिम्फोमाचे, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगाचे, असतात आणि तो ओळखण्यासाठी बायोप्सी कधी कधी पुन्हा पुन्हा करावी लागते. पुरळाबरोबर ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी सोलवटणे, अथवा दाबूनही न मावळणारे जांभळे ठिपके दिसले, तर पॅच टेस्टचा विचारही करू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

या तपासणीमागची कल्पना शंभराहून अधिक वर्षांची आहे. १८९५ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे भरलेल्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेत योसेफ यादासोन यांनी पाऱ्याचे औषध न सोसणाऱ्या रुग्णांच्या निरोगी त्वचेवर तेच औषध लावून प्रतिक्रिया घडवून दाखवली आणि संशयित पदार्थ त्वचेवरच तपासण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यामागची यंत्रणा पुढे हळूहळू उलगडत गेली. अत्यंत लहान रेणू, साधारणतः ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूंचे वजन मोजण्याचे एकक) हलके, त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरतात आणि शरीराच्या प्रथिनांना चिकटतात. पॉल लांगरहान्स यांनी १८६८ मध्ये विद्यार्थिदशेतच वर्णिलेल्या, आणि त्या वेळी चेतापेशी (मज्जासंस्थेच्या पेशी) समजल्या गेलेल्या, शाखायुक्त पेशी आणि त्यांच्यासारख्याच इतर पेशी तो जोड उचलून जवळच्या लसिका ग्रंथींत नेतात. तिथे त्या पदार्थाची ओळख लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशी तयार होतात. या पहिल्या टप्प्यात त्वचेवर काहीच दिसत नाही. तो पुरा व्हायला साधारण १० ते १५ दिवस लागतात, पण वर्षानुवर्षे निर्धोक वापरलेल्या पदार्थाबाबतही तो एखाद्या दिवशी सुरू होऊ शकतो. म्हणूनच ‘हा साबण तर मी कायम वापरते’ हे वाक्य त्या साबणाला निर्दोष ठरवत नाही. एकदा ही ओळख तयार झाली की पुढच्या प्रत्येक संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी पुरळ उठते, आणि तोपर्यंत माणूस कारण शोधत असतो ते त्याच दिवशीच्या गोष्टींत. रोजनिशी ठेवूनही इतक्या रुग्णांना कारण सापडत नाही, ते यामुळेच.

विचारपुशीचा दिवस मला या सेवेतला सर्वांत मोलाचा वाटला. घरातले, बाथरूममधले, स्वयंपाकघरातले आणि कामाच्या ठिकाणचे जे जे त्वचेला लागते ते सर्व मूळ वेष्टनासह आणा, असे फोनवर आधीच सांगितले होते. डॉक्टरांनी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि प्रत्येक बाटलीच्या मागचा घटकांचा मजकूर भिंग लावून वाचला. त्यांच्या प्रश्नांचा रोख पुरळ कसे दिसते यापेक्षा ते कुठे सुरू झाले याकडे होता. शरीरावरील जागा पुष्कळ बोलते, असे त्या म्हणाल्या, आणि त्याची उदाहरणेही त्यांनी दिली. नखांना लावलेल्या पॉलिशची ॲलर्जी नखांपाशी न दिसता पापण्यांवर आणि मानेवर दिसू शकते, कारण बोटे दिवसभर तिथे लागतात आणि पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ त्वचा आहे. कलपाची ॲलर्जी टाळूपेक्षा केसांच्या कडेला, कानांवर आणि पापण्यांवर उमटते. शाम्पू वाहून जातो त्या वाटेवर, म्हणजे मानेच्या बाजूंना, पट्टे उठतात. रबरी हातमोज्यांचे पुरळ मनगटावर मोजा संपतो तिथे थांबते. बेंबीखालचा चट्टा पँटच्या धातूच्या बटणाकडे निर्देश करतो. नंतर त्यांनी मला विचारले, ‘भांडी घासताना कोणता द्रव वापरता? ओले टिश्यू वापरता का? घरातले दुसरे कोणी काही लावून तुमच्या जवळ येते का?’ हा शेवटचा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. जोडीदाराचे अत्तर, लहान मुलाच्या अंगाला लावायचे क्रीम, उशीच्या अभ्र्याला लागलेले केसांचे तेल, अशा उसन्या संपर्कातूनही पुरळ उठू शकते.

याच भेटीत त्यांनी माझी सगळी जुनी मलमे बाजूला काढून ठेवली. दीर्घकाळ चिघळलेल्या पुरळात उपचाराचे मलमच ॲलर्जीचे कारण झालेले असू शकते: त्यातील निओमायसिन हे प्रतिजैविक, लॅनोलिन हा लोकरीपासून मिळणारा मेणचट पदार्थ, मलम टिकवण्यासाठी घातलेले परिरक्षक, आणि हे ऐकून मला नवल वाटले, पण स्वतः स्टेरॉइडसुद्धा. स्टेरॉइडची ॲलर्जी ओळखणे विशेष अवघड असते, कारण तेच औषध स्वतःची प्रतिक्रिया काही अंशी दाबून ठेवते. ‘मलम लावूनही बरे होत नाही’ ही तक्रार ज्यांची आहे, त्यांनी हा मुद्दा आपल्या डॉक्टरांकडे अवश्य काढावा.

प्रत्यक्ष पट्ट्या लावण्याचे काम थोड्या वेळात उरकते. चिकटपट्टीवर ओळीने बसवलेल्या, सुमारे ८ मिलिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या उथळ वाट्या असतात. त्यांत पेट्रोलियम जेलीत किंवा पाण्यात ठरावीक प्रमाणात मिसळलेला एकेक पदार्थ भरतात आणि पट्ट्या पाठीच्या वरच्या भागावर लावून कडांना शाईने खुणा करतात. प्रमाणे मनाला येईल तशी नसतात. तपासायच्या पदार्थांच्या युरोपात प्रचलित संचात निकेल सल्फेट ५ टक्के, पोटॅशियम डायक्रोमेट ०.५ टक्के, कोबाल्ट क्लोराइड १ टक्का, कलपातील पॅराफेनिलीनडायअमिन १ टक्का अशी ती ठरलेली आहेत. प्रमाण कमी पडले तर खरी ॲलर्जी निसटते आणि जास्त झाले तर निरोगी त्वचाही नुसती भाजून लाल होते. मूळ संचातील पदार्थांखेरीज माझी स्वतःची काही प्रसाधने वेगळ्या पट्टीवर लावली. त्वचेवर राहणारी क्रीमे आहेत तशी लावली, धुऊन टाकायचे शाम्पू आणि द्रवसाबण पाण्यात पुष्कळ पातळ करून लावले, आणि फरशी पुसण्याचे द्रव मात्र झाकून ठेवण्याच्या तपासणीत घ्यायचेच नसतात, कारण ते कोणाचीही त्वचा पोळतील. घरच्या घरी कोणतेही रसायन चिकटपट्टीखाली झाकून ‘पॅच टेस्ट’ करू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पट्ट्या ४८ तास राहतात आणि शेवटचे वाचन होईपर्यंत पाठ कोरडी ठेवावी लागते. घाम येईल असे काम, व्यायाम, उन्हात फिरणे हे सर्व बंद. हा काळ त्रासाचा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या रात्री एका ठरावीक चौकटीत अशी खाज सुटली की पालथे झोपण्याखेरीज उपाय राहिला नाही, आणि पट्टीची एक कड सुटू लागल्याने ती वरून चिकटपट्टी लावून दाबून धरावी लागली. शाईचे डाग कपड्यांवरून निघत नाहीत. जुने, गडद रंगाचे कपडे घालून जावे, ही सूचना माहितीपत्रकात असायला हवी होती. पूर्वतयारीच्या बाकीच्या सूचना मात्र चोख होत्या. पाठीवर आठवडाभर आधीपासून स्टेरॉइडचे मलम लावायचे नाही, पाठीवर ताजे पुरळ किंवा उन्हाने रापलेली त्वचा असेल तर तारीख पुढे ढकलायची, पोटात स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी कळवायचे आणि त्या मनानेच बंद करायच्या नाहीत, हे सारे स्वच्छ लिहिलेले होते. खाजेच्या नेहमीच्या अँटिहिस्टामिन गोळ्या या तपासणीसाठी सहसा थांबवाव्या लागत नाहीत. गरोदरपणात ही तपासणी बहुधा पुढे ढकलली जाते.

आता वाचनांविषयी, आणि इथे केंद्राची खरी पारख होते. पट्ट्या काढल्यावर लगेच निकाल वाचत नाहीत. चिकटपट्टीच्या ओढीने आलेली लाली ओसरण्यासाठी थोडा वेळ थांबून पहिले वाचन करतात. दुसरे वाचन पट्ट्या लावल्यापासून ७२ ते ९६ तासांच्या दरम्यान होते आणि ते वगळले तर तपासणीला अर्थ राहत नाही. कारण नुसता दाह आणि खरी ॲलर्जी यांतला फरक त्याच वेळी स्पष्ट होतो. दाहाची लाली पहिल्या वाचनाला ठळक असते आणि नंतर विरते. ॲलर्जीची खूण पुढच्या दिवसांत चढत जाते. माझ्या डॉक्टरांनी दिवा तिरपा धरून प्रत्येक चौकट पाहिली आणि डोळे मिटून बोटाच्या टोकाने त्वचा चाचपली, कारण लालीपेक्षा त्वचेचा फुगवटा आणि टणकपणा अधिक विश्वासार्ह असतो. नोंद ठरलेल्या खुणांनी होते: नुसती पुसट लाली असेल तर संशयास्पद, लालीबरोबर फुगवटा असेल तर एक अधिक, बारीक पाणीदार फोड असतील तर दोन अधिक, फोड एकत्र मिळून गेले असतील तर तीन अधिक. निकेलसारखे धातू, निओमायसिन आणि स्टेरॉइड यांची प्रतिक्रिया कधी कधी सातव्या दिवसाच्या सुमारास उगवते, म्हणून तेव्हा तिसरे वाचन करणे श्रेयस्कर असते. आमच्या विभागात ते विचारणाऱ्यालाच मिळत होते. जो रुग्ण एवढा खोळंबा सोसून आला आहे, त्याला ते आपणहून देऊ करायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या पाठीवर दोन जागा उठल्या. त्यांपैकी एक होती मिथाइलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाची. पाण्यावर आधारित उत्पादनांत जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात: द्रवसाबण, शाम्पू, भांड्यांचा द्रव, ओले टिश्यू. त्याची कहाणी ग्राहक म्हणून अस्वस्थ करणारी आहे. पूर्वी ते मिथाइलक्लोरोआयसोथायाझोलिनोन या भावंडाबरोबर मिश्रणात, अत्यल्प प्रमाणात वापरले जाई. २००५ पासून युरोपीय संघात ते प्रसाधनांमध्ये एकटे, १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग), वापरण्यास मुभा मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले की अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साठी ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ म्हणून त्याचीच निवड केली. त्यानंतर युरोपीय संघाने त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनांत मर्यादा १५ पीपीएमवर आणली. तपासणीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की जुन्या मिश्रणात त्याचा वाटा चारात एक एवढाच असल्याने, फक्त मिश्रणाची चाचणी केली तर ही ॲलर्जी अनेकदा निसटते. माझ्या पाठीवर हेच डोळ्यांदेखत घडले. मिश्रणाच्या चौकटीत जेमतेम संशयास्पद लाली होती, आणि तोच पदार्थ स्वतंत्रपणे, ०.२ टक्के प्रमाणात लावला होता त्या चौकटीत बारीक फोडांचे भरगच्च वर्तुळ उठले होते. संचात हा पदार्थ वेगळा आहे का, हे तपासणी करून घेणाऱ्या प्रत्येकाने आधी विचारावे.

दुसरी जागा निकेलची होती. इथे डॉक्टरांनी जे केले त्यासाठी मी या सेवेला सर्वाधिक गुण देईन. एखादा पदार्थ पाठीवर उठला म्हणजे सध्याचे पुरळ त्याचेच, असे होत नाही. निकेलची ॲलर्जी मला बहुधा पूर्वीच्या कानातल्यांमुळे जडली होती. तेव्हा कानाच्या पाळ्या चिघळायच्या. आजच्या पापण्यांशी आणि बोटांशी तिचा संबंध जुळत नव्हता. याउलट परिरक्षकाच्या बाबतीत भांड्यांचा द्रव बोटांशी, शाम्पू मानेशी आणि चेहरा पुसायचे ओले टिश्यू पापण्यांशी जुळत होते, आणि तिन्हींच्या वेष्टनावर तेच लांबलचक नाव छापलेले होते. हा मेळ घालून न देता नुसती ‘निकेल, दोन अधिक’ अशी चिठ्ठी हाती देणारी केंद्रेही आहेत. त्यांचे रुग्ण मग घरातली प्रत्येक धातूची वस्तू टाळत बसतात आणि पुरळ आपल्या जागी राहते.

तपासणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पाठीवर लावलेल्या पदार्थांविषयीच ती बोलते. मूळ संचात साधारण ३० पदार्थ असतात, आणि केशकर्तन, दंतवैद्यक, बांधकाम, पादत्राणे, नखांची कृत्रिम सजावट यांसाठी वेगळे संच लागतात. निकाल कोरा आला तरी शोध संपत नाही. व्यवसाय नीट विचारला गेला का आणि स्वतःच्या वस्तू तपासल्या गेल्या का, हे प्रश्न मग पुन्हा विचारावे लागतात. क्वचित एकाच वेळी पुष्कळ चौकटी लाल होतात; तेव्हा पाठ एकूणच चिडलेली असते आणि त्या निकालावर विश्वास न ठेवता काही काळाने थोड्या पदार्थांसह तपासणी पुन्हा करावी लागते. शिवाय सतत पाणी, साबण आणि घर्षण यांनी होणारे हातांचे इसब ॲलर्जीविनाही होते. त्याचा पुरावा पॅच टेस्ट देत नाही.

नवे उत्पादन निवडताना डॉक्टरांनी एक साधी चाचणी शिकवली. ते दिवसातून दोनदा, एक-दोन आठवडे, कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर लावत राहायचे आणि लाली किंवा पुरळ उठले की थांबायचे. ही चाचणी त्वचेवर राहणाऱ्या क्रीम-लोशनसाठी आहे. वेष्टनावरील दाव्यांबाबतही त्यांनी सावध केले. ‘सुवासरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत कच्च्या मालाचा वास झाकण्यापुरता सुगंध घातलेला असतो, म्हणून पुढच्या बाजूचा दावा सोडून मागची यादी वाचायची. ‘नैसर्गिक’ या शब्दाने तर मुळीच निश्चिंत होऊ नये. लव्हेंडरमधील लिनालूल किंवा लिंबूवर्गीय तेलांतील लिमोनीन हवेच्या संपर्कात आले की त्यांपासून तयार होणारी हायड्रोपेरॉक्साइडे ही ॲलर्जीची परिचित कारणे आहेत.

कारण सापडल्यावर पुरळ दुसऱ्या दिवशी जात नाही, हे मला स्पष्ट शब्दांत सांगितले गेले आणि त्याचा फार आधार वाटला. संपर्क पूर्ण तुटल्यावर त्वचा सावरायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात, आणि एखाद्या चुकार बाटलीने हा काळ लांबतो. माझ्या पापण्या आधी निवळल्या. बोटांच्या भेगा भरायला पुष्कळ अधिक वेळ लागला, कारण भेगाळलेली त्वचा साध्या पाण्यानेही चुरचुरते. आज मलमाशिवाय दोन्ही ठीक आहेत. ॲलर्जी मात्र बहुधा जन्मभर राहील.

माझी सर्वांत मोठी तक्रार शेवटी हाती दिलेल्या कागदाविषयी आहे. त्यावर पदार्थाचे नाव होते, त्याची पर्यायी नावे होती, प्रसाधनांची यादी होती, पण घराच्या रंगाचा उल्लेख नव्हता. पाण्यावर आधारित भिंतींच्या रंगांत हेच परिरक्षक सर्रास असते आणि ताज्या रंगातून ते हवेत सुटते. ज्याला त्याची ॲलर्जी आहे, त्याने रंगाला हातही न लावता नुसत्या खोलीत वावरल्याने चेहरा आणि पापण्या सुजू शकतात, आणि काहींना श्वासाचाही त्रास होतो. रंग वाळल्यानंतरही हे काही आठवडे चालू राहू शकते. मला हे कळले ते शेवटच्या भेटीत, शेजारच्या खाटेवरील रुग्णाशी डॉक्टर बोलत होत्या म्हणून. विभागाला मी लेखी सूचना केली आहे की कागदावर ही ओळ वाढवावी, आणि तिच्याबरोबर हेही लिहावे की रंगकाम टाळता येत नसेल तर आयसोथायाझोलिनोन गटातले परिरक्षक नसलेला रंग मागावा, तो नसल्याची खात्री उत्पादकाकडून लेखी घ्यावी आणि खोली पुरेशी हवेशीर होईपर्यंत झोपण्याची सोय दुसरीकडे करावी.